शेततळ्याच्या काठाला दोर हवाच

शेततळ्यात पट्टीचे पोहणारेही बुडतात. विहिरीला पायऱ्या, निदान कपारी तरी असतात. शेततळ्याला चारही बाजूंनी उतरता प्लॅस्टिकचा कागद असतो. त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही आणि हाताला काही लागत नाही. माणूस काठापासून हातभर अंतरावर दमून बुडतो. वाचवायला उतरलेला दुसराही तसाच अडकतो.

‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ साली आली आणि गावोगावी तळी झाली. त्यांना कुंपण हवंच, पण आत पडलेल्याला कुंपण बाहेर काढत नाही. त्यासाठी चारही बाजूंना काठापासून मागे लोखंडी मेखा ठोकाव्यात आणि प्रत्येकीला अंगठ्याएवढा जाड दोर बांधून तळापर्यंत सोडावा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आखूड दोर वरच लोंबत राहतो. दर फुटावर गाठ मारावी, ओल्या हाताची पकड तिथेच टिकते. टोकाला दगड नको, कागद फाटतो. वाळू भरलेली प्लॅस्टिकची बाटली पुरते.

दुसरी वस्तू फेकायची. गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्यावा, आत पेलाभर पाणी ठेवून झाकण घट्ट लावावं आणि मुठीला पंधरा-वीस मीटर दोर बांधावा. त्या पेलाभर पाण्याच्या वजनाने कॅन वाऱ्यावर भरकटत नाही. पाण्यात शरीराचा भार जवळजवळ उरत नाही. डोकं वर राहायला चार-पाच किलोचा आधार पुरतो आणि हा कॅन साधारण तेवढाच देतो. दोर पॉलिप्रॉपिलिनचा असावा, तो तरंगतो, नायलॉनचा बुडतो.

‘पाण्यात उडी मारू नका’ हे सांगणं सोपं आहे. पोटचं पोर गटांगळ्या खाताना ते कुणाला ऐकू येणार? हाताशी फेकायला काही असेल, तरच बाप काठावर थांबेल. म्हणून कॅन तळ्यापाशीच, कुलूप न लावता टांगलेला हवा, आणि घरातल्या बायका-मुलांनीही तो फेकून पाहिलेला हवा. तो बुडणाऱ्याच्या पलीकडे टाकून दोर त्याच्या हाताशी आणावा. मोकळं टोक मेखेला बांधावं, मनगटाला गुंडाळू नये. ओढताना खाली बसावं.

उन्हाने दोर विरतो. दर मृगाआधी ताणून पाहावा.

बाहेर काढलेल्याचं पोट दाबत बसू नये. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास देऊन छाती दाबायला लागावं, आणि दुसऱ्याने १०८ला फोन करावा.