ताटातील विद्या : तंजावर आणि आहारशास्त्राची पहिली पायरी

घरातील मुलगी बारावीची परीक्षा उत्तीर्ण होते आणि एके दिवशी म्हणते, "मला आहारशास्त्र शिकावयाचे आहे." यावर वडीलधाऱ्या मंडळींचे उत्तर बहुधा ठरलेले असते : "स्वयंपाकच ना ? तो आईजवळ शिकता येईल !" या उत्तरात थोडे सत्य आहे आणि पुष्कळसा गैरसमज आहे. दोहोंची फोड करण्यास तंजावरसारखे ठिकाण नाही.

कावेरीच्या पाण्यावर पोसलेला हा भाताचा प्रदेश. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी मराठी राज्य स्थापन केले. त्यांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त या पंडितांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला. धान्ये, डाळी, भाज्या, फळे, दूध यांचे गुणदोष त्यात क्रमाने सांगितले आहेत. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातील 'शरभेंद्र पाकशास्त्र' ही मराठी पोथीही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली. पदार्थ कसा करावा हे एक शास्त्र आणि तो कोणास, केव्हा व किती द्यावा हे दुसरे, हा भेद तंजावरच्या दरबारी पंडितांना तीनशे वर्षांपूर्वीच ठाऊक होता.

या दुसऱ्या शास्त्राची साक्ष तंजावरच्या रोजच्या ताटातही मिळते. आपल्या कोकणातल्याप्रमाणेच तेथेही उकड्या तांदळाचा भात घरोघर खाल्ला जातो. साळ भिजवून, वाफवून, वाळवून मग सडली, की तुसालगतच्या पापुद्र्यातील 'ब-१' जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते आणि सडल्यावरही बरेचसे टिकून राहते. कच्चा तांदूळ गिरणीत पांढराशुभ्र केला, की ते कोंड्याबरोबर निघून जाते. याच कारणामुळे जुन्या मद्रास इलाख्यात बेरीबेरी हा रोग उत्तरेकडील तेलुगू किनारपट्टीत आढळे; तेथे गिरणीत सडलेला कच्चा तांदूळ खाण्याची रीत होती. उकडा तांदूळ खाणाऱ्या तमिळ मुलखात तो क्वचितच दिसे. घरातील आजीला उकडा तांदूळ चांगला हे ठाऊक होते. तो का चांगला, हे प्रयोगशाळेने सांगितले.

अशी प्रयोगशाळा दूर नव्हती. निलगिरीतील कुन्नूर येथे 1918 मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीचे संशोधन आरंभिले. तेथील पुढील संचालक डॉ. ॲक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके 1937 मध्ये प्रसिद्ध केली. ही संस्था 1958 मध्ये हैदराबादेस गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तिने 2017 मध्ये काढलेल्या नव्या कोष्टकांत 528 पदार्थांचे पृथक्करण आहे. आहारशास्त्राचा विद्यार्थी या कोष्टकांशी परिचय करून घेतो, तेव्हा त्याची मुळाक्षरे पक्की होतात.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेत दोन वर्षांची 'असोसिएट' पदवी घेऊन आहारतंत्रज्ञ होता येते. तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करतो. आपल्याकडे या पातळीस पदविका म्हणतात. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पोषण व आरोग्य शिक्षणाची एका वर्षाची पदविका बारावीनंतर घरी राहूनही करता येते. अशा अभ्यासक्रमांत शरीराची रचना, अन्नघटकांचे कार्य, स्वच्छता आणि समतोल आहाराची आखणी यांचे शिक्षण मिळते. तमिळनाडूत 1956 पासून शाळांतून मध्यान्ह भोजन सुरू झाले, 1982 मध्ये त्याचा मोठा विस्तार झाला आणि 2022 मध्ये न्याहारीचीही भर पडली. अंगणवाडी, वसतिगृह, शाळेचे स्वयंपाकघर, रुग्णालयाचा भटारखाना अशा सर्व ठिकाणी हे शिक्षण उपयोगी पडते.

परंतु पदविकेची मर्यादाही स्पष्ट समजून घेतली पाहिजे. तंजावरच्या परिसरात नारळ व केळी यांना तोटा नाही. निरोगी माणसास शहाळ्याचे पाणी हितकर. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात त्यातील पोटॅशियम साठून हृदयाची गती बिघडू शकते. भाताची पेज टाकू नका, जीवनसत्त्व वाया जाते, असे आपण घरी सांगतो; उलट मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना भाज्या भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी फेकून देण्यास सांगावे लागते. एकास जे हितकर, तेच दुसऱ्यास घातक. हा निर्णय रक्ततपासणी पाहून वैद्य व प्रशिक्षित आहारतज्ज्ञ यांनी घ्यावयाचा आहे. एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर पाटी लावून रोग्यांना पथ्य सांगणे हा सेवेचा मार्ग नव्हे, तो त्यांच्या जिवाशी खेळ आहे. रुग्णालयात आहारतज्ज्ञ व्हावयाचे असल्यास पदवी, त्यापुढील पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष उमेदवारी हाच राजमार्ग होय.

म्हणून पालकांनी प्रवेशापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. अभ्यासक्रमास कोणत्या विद्यापीठाची वा मंडळाची मान्यता आहे ? प्रत्यक्ष स्वयंपाकघरात किंवा रुग्णालयात काम करावयास मिळते काय ? आणि ही पदविका घेऊन पुढे पदवीच्या वर्गात जाता येईल काय ? या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यास मुलीस अवश्य पाठवावे.

आणि "आईजवळ शिकता येईल" हे वाक्यही अगदीच टाकून देऊ नये. उकडा तांदूळ कसा निवडावा, पेज कशी राखावी, हे ती आईजवळच शिकेल. फक्त कोणासाठी ती राखावी आणि कोणासाठी ओतून द्यावी, हे शिकण्यास तिला घराबाहेर पडावे लागेल. तेवढी वाट तिला मोकळी करून देणे हे आपले काम आहे.