पुन्हा सायकलवर (भाग ५) : मुळशीचा रस्ता परतीला मोजायचा

गेल्या भागात माळ्यावरची सायकल खाली काढली, कडक पडलेले टायर-ट्यूब बदलले, चेन धुऊन तेल दिलं. सायकल तयार झाली. स्वार तयार व्हायला जास्त वेळ लागतो आणि या भागाचा विषय तोच आहे.

निमित्तही ताजं आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक महासंघाच्या २.२ दर्जाची, अनेक टप्प्यांची रोड रेस भारतात पहिल्यांदाच झाली आणि तिचा एक टप्पा मुळशी-मावळातून गेला. रेसच्या निमित्तानं बऱ्याच रस्त्यांचं डांबर नवं झालं, ही आपल्यासारख्यांना मिळालेली दक्षिणा. आता रविवारी पहाटे चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागणाऱ्या सायकलींमध्ये जर्सी पोटावर ताणली गेलेली, पन्नाशीकडे झुकलेली मंडळीही दिसतात.

यांतले बहुतेक नवखे नाहीत. कॉलेजात, लग्नाआधी, नाहीतर लॉकडाउननंतरच्या सायकलच्या लाटेत त्यांनी भरपूर चालवलेली असते. मग नोकरी, मुलं, घराचे हप्ते, कंबर. नवख्याला आपल्याला काय जमत नाही ते ठाऊक असतं. परतणाऱ्याला आपल्याला काय जमत होतं तेवढंच आठवतं, आणि दुखापती बहुतेक या आठवणीतून होतात.

सराव थांबला की शरीर किती विसरतं? १९८४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसून तयारी केलेल्या सात जणांचा सराव मुद्दाम थांबवला आणि ८४ दिवस मोजमापं घेतली. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, हे दमसासाचं मुख्य माप. ते पहिल्या तीन आठवड्यांत ७ टक्क्यांनी घसरलं आणि आठ आठवड्यांनी १६ टक्क्यांच्या घसरणीवर स्थिरावलं. सुरुवातीच्या घसरणीचं मोठं कारण रक्त. त्यातला पातळ भाग घटतो, हृदय दर ठोक्याला कमी रक्त ढकलतं, म्हणून त्याच चढाला नाडी जास्त पळते. स्नायूंमधलं केशवाहिन्यांचं जाळं मात्र तीन महिन्यांनंतरही जवळपास शाबूत होतं. दहा वर्षांच्या खंडाला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. वय आणि वजन आपापला वाटा घेतातच.

रक्ताचं प्रमाण जसं लवकर घटतं, तसंच ते लवकर भरूनही येतं. नियमित चालवायला लागल्यावर दोन-तीन आठवड्यांत धाप कमी होते, नाडी खाली येते, झोप गाढ लागते. स्नायूही त्यांच्या मागोमाग जागे होतात. मागे राहतात ते कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे चिवट दोर. त्यांना रक्तपुरवठा मुळात कमी, त्यामुळे ते बळकट व्हायला आठवडे नव्हे, महिने लागतात. म्हणून परतणाऱ्याचा पहिला रविवार फारसा धोक्याचा नसतो, कारण तो लवकर दमतो आणि घरी येतो. धोका महिना-दीड महिन्यानं असतो. तेव्हा छाती म्हणते चल पुढे, आणि गुडघ्याला कुणी विचारलेलंच नसतं.

मुळशीच्या रस्त्यानं यावर आपणहून एक उपाय करून ठेवला आहे, फक्त तो उलट्या बाजूनं वाचावा लागतो. चांदणी चौकातून निघालं की भूगाव, मानस तलाव, भुकूम असा बराचसा सौम्य चढ-उताराचा पट्टा लागतो. भुकूम संपलं की पिरंगुटचा घाट सुरू होतो आणि जाताना तो उतार असतो. सायकल सुसाट खाली जाते, पिरंगुट कधी आलं कळत नाही, पुढे घोटवडे फाटा, मग पौड. उत्साहाच्या भरात माणूस मुळशी धरणापर्यंत पोचतो. फोटो होतात. मग परतीला, ऊन चढलेलं असताना आणि पायांतलं त्राण गेलेलं असताना, तोच घाट समोर उभा राहतो. घाट छोटाच आहे, ताम्हिणीसमोर त्याला घाट म्हणणं हे कौतुकच. पण तो कितीचा आहे यापेक्षा कधी येतो, हे महत्त्वाचं.

तेव्हा पहिले काही आठवडे घाटाच्या तोंडावरूनच मागे वळावं. मानस तलाव, फार तर भुकूम. मग घाट उतरून लगेच, पाय ताजे असतानाच वर चढून यावं. हे दोन-तीनदा विनातक्रार झालं की पौड. पौड हे तालुक्याचं गाव, तिथे दवाखाने आहेत, पंक्चरवाले आहेत, परतायला वाहन मिळतं. त्यानंतर धरण. वाऱ्याचाही हिशोब ठेवा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. हिवाळ्यात ही मेहेरबानी भरवशाची नाही.

आता त्या चढावर गुडघ्याचं काय होतं ते जरा जवळून पाहू. स्वार ७५ किलोचा, सायकल-पाण्यासह १२ किलोचं सामान, एकूण ८७ किलो. हे वजन १०० मीटर उंच न्यायला सुमारे ८५ किलोज्यूल काम लागतं. दहा मिनिटांत न्यायचं तर नुसत्या उंचीसाठी सतत १४० वॅट, म्हणजे डोक्यावरचे दोन पंखे चालतील इतकी शक्ती पायांनी द्यायची. मधल्या वर्षांत पाच किलो वाढले असतील तर हे काम पावणेसहा टक्क्यांनी वाढतं. कार्बन फायबरची दोन किलो हलकी सायकल घ्यायला निघालेल्यांनी हा आकडा एकदा वाचावा. लाखभर रुपये वाचतील.

काम ठरलेलं असलं तरी ते किती फेऱ्यांत वाटायचं, हे आपल्या हातात असतं. जुन्या रोड बाइकला पुढे लहान चकती ३९ दात्यांची आणि मागे सर्वांत मोठी २५ ची असायची. ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास चढत असाल तर या गिअरवर पाय मिनिटाला जेमतेम ४५ वेळा फिरतात. पुढे ३४ आणि मागेही ३४ असेल तर त्याच वेगाला ७० वेळा. पहिल्या प्रकारात दर फेरीला गुडघ्यावर दीडपटीहून जास्त जोर पडतो. घरगुती भाषेत, पॅडल तुडवायचं नाही, फिरवायचं. परतणाऱ्या माणसानं पैसे कुठे खर्च करावेत असं मला कुणी विचारलं, तर मी मागची मोठी कॅसेट सांगतो. सायकलला ती बसते का, डिरेलर तेवढी पेलतो का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावं लागेल. “लहान गिअर बायकांसाठी” असं ऐकवणारा एखादा काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली का, ते विचारावं.

सीटची उंची तपासायलाही तज्ज्ञ लागत नाही. भिंतीला हात टेकवून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल पार खाली न्या. पाय जेमतेम सरळ झाला तर उंची जवळपास बरोबर. मग चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात हलका बाक उरतो. गुडघा पुढून, वाटीजवळ दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागून दुखत असेल तर सीट वर आहे. बदल एका वेळी अर्ध्या सेंटीमीटरचा करावा आणि दोन राइड थांबावं. तळहात बधिर होत असतील तर हँडल फार दूर किंवा फार खाली आहे. दहा वर्षांपूर्वीची वाकलेली ऐट आजच्या कंबरेला मानवेलच असं नाही.

वेगाबद्दल एकच खूण पुरे: शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. सहनशक्तीच्या खेळातले खेळाडू सराव कसा वाटतात याचा अभ्यास करणारे स्टीफन सायलर यांना दिसलं की, अव्वल खेळाडूसुद्धा सुमारे ८० टक्के सराव असाच सावकाश करतात. आपल्याकडे नेमकं उलट होतं. आठवडाभर सायकल बंद आणि रविवारी ग्रुपमागे जीव तोडून. त्यापेक्षा मंगळवार-गुरुवारी पहाटे पाऊण-पाऊण तास आणि रविवारी निवांत लांब, हे वेळापत्रक कंडरांना झेपतं. तीन आठवडे थोडं थोडं वाढवून चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवावा. स्ट्राव्हा अ‍ॅपवरच्या आपल्या जुन्या वेळा या काळात उघडूही नयेत. चढावर छातीत दडपण आलं, हात भरून आला, चक्कर आली तर मात्र तिथेच थांबून डॉक्टर गाठायचा. चाळिशीपुढच्यांनी रक्तदाब, साखर आणि ईसीजी आधीच पाहून घ्यावं.

खाण्याचं थोडक्यात. दीड तासाच्या आत पाणी पुरतं. त्यापुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात: एक मध्यम केळं सुमारे २५ ग्रॅम देतं, सोबत राजगिऱ्याची वडी नाहीतर चिक्की. घामासाठी मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. मिसळ परतल्यावर. तर्रीवर पिरंगुटचा घाट चढता येत नाही.

धरणापर्यंत पोचाल तेव्हा तिथे जरा थांबाच. हे धरण टाटांच्या वीजनिर्मितीसाठी बांधलं गेलं. त्याचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला उतरून कोकणात भिऱ्याला वीज करतं. या पाण्याखाली गेलेल्या गावांसाठी १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही ओळख याच लढ्यानं दिली. आपण ज्या निळ्याशार पाण्यासमोर सायकल उभी करून फोटो काढतो, त्याखाली मावळ्यांची शेतं आहेत. हे ठाऊक असलेलं बरं, निदान काठावर पाण्याच्या बाटल्या टाकताना हात थबकेल.

पौड रस्त्याचा खरा काच म्हणजे रहदारी. पिरंगुटच्या कारखान्यांच्या पाळीच्या बसगाड्या, खडी-वाळूचे डंपर, वीकेंडला रिसॉर्टकडे निघालेल्या मोटारी. पहाटे साडेपाचला निघून नऊच्या आत चांदणी चौकात परत, हे गणित पाळलं तर यातलं बरंचसं टळतं. मागचा लाल दिवा उजेडातही चालू ठेवावा. दोघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत जायची जागा घोटवडे-कोळवणकडचे आडरस्ते आहेत, पौड रस्ता नाही.

आणि ताम्हिणी? ती सगळ्यांच्या मनात असतेच. माले मागे टाकलं की रस्ता जलाशयाच्या कडेनं खाली-वर होत पश्चिमेला सरकतो, झाडी दाट होते, मोबाइलची रेंज जाते. पुढे घाट थेट रायगड जिल्ह्यात विळ्याला उतरतो. उतरताना हाताचे पंजे ब्रेक दाबून दुखतात आणि तेवढंच कष्टाचं वाटतं. पण विळ्यात चहा संपला की चारशे-पाचशे मीटर उंची परत चढायची असते, म्हणजे वरचा ८५ किलोज्यूलचा हिशोब चार-पाच वेळा. वर आल्यावर पुणं आणखी साठेक किलोमीटर, आणि शेवटी पिरंगुट आहेच. पावसाळ्यात यात शेवाळ, धुकं, दरडी आणि धबधब्यांसाठी रस्त्यातच थांबलेल्या गाड्यांची भर. राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत ताम्हिणीचं नाव येतं. त्या दिवसांत प्रशासनाचे बंदी आदेशही निघतात, ते पाहूनच बाहेर पडावं.

वय हा अडसर नाही, घाई आहे. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी जून २०२२ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर अंतर ५५ तास १३ मिनिटांत एकटीनं पार केलं. एकामागून एक खिंडी, प्राणवायूची टंचाई. त्या धावण्या-सायकलकडे वळल्या त्याच चाळिशीच्या आसपास. एवढं मोठं नको असेल तर बीआरएम हे उद्दिष्ट हौशी माणसासाठी चांगलं. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी जगभर चालणाऱ्या या राइडमध्ये पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आतली सरासरी. पिरंगुट, पौड, धरण या क्रमानं तयारी करणारा माणूस सहा-आठ महिन्यांत तिथे पोचू शकतो.

तोवर एवढं करा. धरणाची फेरी लागोपाठ दोन रविवार झाली, पिरंगुटचा परतीचा चढ बोलत बोलत पार पडला आणि सोमवारी जिना उतरताना गुडघ्यानं कुरकुर केली नाही, तरच विळ्याचा बेत आखा, तोही सोबतीला कुणी असेल तेव्हा आणि कोरड्या दिवसांत. पुढच्या भागात ओला रस्ता, ब्रेक आणि पावसातली सायकल.