सार्वजनिक वाय-फाय आणि घरचे खासगी जाळे

खेड्यातील प्राथमिक शिक्षकाचे काम शाळेची शेवटची घंटा होताच संपते, अशी एक समजूत आहे. वस्तुतः ‘सरल’ आणि ‘यू-डायस प्लस’ यांवर विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचे काम पुष्कळदा रात्री, जेवणखाण आटोपल्यावर, घरीच पुरे होते. मुलाचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी बँकेचे खाते, एवढा ऐवज शिक्षकाच्या हातून जात असतो. तो ज्या वाटेने जातो ती वाट कोणाची आणि तीवर आणखी कोण वावरते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो व्हावा, एवढ्यासाठी हे चार शब्द.

सार्वजनिक वाय-फाय ही आता केवळ शहरातील सोय राहिलेली नाही. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली. २०१५ मध्ये तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. पुढे ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेस मान्यता दिली. तीनुसार किराणा दुकानदार किंवा चहावालादेखील, कोणताही परवाना न घेता, आपल्या दुकानातून गावकऱ्यांना वाय-फाय पुरवू शकतो. (तार गावात पोचणे आणि तीतून प्रवाह सतत वाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपणांस सांगावयास नकोच.) तथापि ज्याचे घर ग्रामपंचायतीच्या किंवा अशा दुकानाच्या जवळ आहे, त्याच्या ओसरीपर्यंत ही लहर येऊ शकते, आणि मग तिचा उपयोग घरासाठी करून घ्यावा असे वाटणे स्वाभाविक आहे.

येथे अडचण उद्भवते. सार्वजनिक वाय-फायला जोडलेली सर्व उपकरणे एकाच चावडीवर बसलेली असतात. आपला संगणक, शेजाऱ्याचा मोबाइल, पारावर बसलेल्या अनोळखी वाटसरूचा मोबाइल, ही सारी एकाच जाळ्यात. संगणकावरील एखादी फाइल ‘सर्वांसाठी खुली’ अशी चुकून ठेवली असेल, तर ती दुसऱ्यास दिसण्याचा संभव असतो. व्यवस्थापकाने उपकरणांना एकमेकांपासून अलग ठेवले असेल तर हा धोका टळतो. पण त्याने तसे केले आहे की नाही, हे वापरणाऱ्यास सहसा कळत नाही. शिवाय अलग ठेवले असेल तर आपलाच मोबाइल आपल्याच छपाईयंत्राला ओळखत नाही, ही दुसरी गैरसोय.

आपल्या जिल्ह्यातील शिक्षकास हे कालव्याच्या उदाहरणाने लवकर समजेल. पैठणचा डावा कालवा सर्वांचा असतो. परंतु चारीवरून पाणी आपल्या बांधाच्या आत घेतले की ते कोणत्या वाफ्यात सोडावयाचे हे आपण ठरवितो, आणि बांधाबाहेरच्या माणसाला आतले वाफे मोजता येत नाहीत. सार्वजनिक वाय-फाय आणि आपले घर यांमध्ये असा बांध घालणारी वस्तू म्हणजे राउटर नावाची लहान पेटी. उपमा एका ठिकाणी तोकडी पडते: कालव्याचे पाणी परत जात नाही, येथे मात्र प्रवाह दोन्ही दिशांनी चालतो. त्याचा विचार पुढे येईल.

ही पेटी बाहेरच्या जाळ्यात एकच सभासद म्हणून शिरते आणि तेथून एक क्रमांक घेते. आत, घरातील उपकरणांना ती स्वतःचे वेगळे क्रमांक वाटते. जगातील सर्व उपकरणांना पुरतील इतके क्रमांक जुन्या पद्धतीत नव्हतेच. ती संख्या सुमारे ४२९ कोटींवर संपते. म्हणून काही क्रमांक केवळ खासगी वापरासाठी राखून ठेवण्याचा नियम १९९६ मध्ये ठरला. १९२.१६८ ने आरंभ होणारे क्रमांक त्यांतलेच. घरातील मोबाइलने काही मागितले, तर राउटर ती मागणी स्वतःच्या क्रमांकाने बाहेर पाठवितो, उत्तर आले की ज्याचे त्याला पोचवितो, आणि न मागता बाहेरून कोणी दार ठोठावले तर सहसा उघडत नाही. बाहेरच्याला घर दिसते, घरातील माणसे दिसत नाहीत.

खरेदी करताना आणि जोडणी करताना सर्वांत मोठी चूक होते ती एका शब्दामुळे, आणि ती प्रस्तुत लेखकानेही केली आहे. अशा पेटीत बहुधा दोन रीती असतात. एक ‘रिपीटर’, दुसरी ‘डब्ल्यूआयएसपी’. पहिली रीत बाहेरचीच लहर अधिक दूर पोचविते. बांध घालीत नाही. दुसरी रीत वर सांगितलेले वेगळे जाळे निर्माण करते. मी पहिली निवडून, नवे नाव आणि नवा परवलीचा शब्द देऊन, जवळजवळ महिनाभर निर्धास्त होतो. एके दिवशी माझ्या संगणकाच्या यादीत परक्या घरातील दूरदर्शन संचाचे नाव दिसले तेव्हा उलगडा झाला. तेव्हा खोक्यावर ‘डब्ल्यूआयएसपी’ हा शब्द आहे, याची खात्री करूनच पैसे मोजावेत.

जोडणी झाल्यावर पेटीचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द तत्काळ बदलावा. सुरक्षेसाठी ‘डब्ल्यूपीए३’ आणि तो नसल्यास ‘डब्ल्यूपीए२’ निवडावा. ‘डब्ल्यूपीएस’ बंद ठेवावे. बाहेरचे जाळे आणि आपले जाळे दोन्ही १९२.१६८.१ नेच सुरू होत असतील तर राउटरचा गोंधळ उडतो. अशा वेळी आपल्याकडे १९२.१६८.५० असे काही वेगळे द्यावे.

बाहेरच्या वाय-फायवर मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागणारे पान येते. राउटरमागील एका मोबाइलवरून ते भरले की बहुतेक ठिकाणी सारे घर आत जाते, कारण बाहेरच्याला राउटर हे एकच उपकरण दिसते. पण याचा दुसरा अर्थ नीट ध्यानात घ्यावा: त्या क्षणापासून घरातून जे काही होईल ते आपल्या क्रमांकावर नोंदले जाईल. यास्तव आपला परवलीचा शब्द गल्लीत वाटू नये. तसेच एका ओटीपीवर किती उपकरणे चालवावयाची, याविषयी त्या दुकानदाराची किंवा ग्रामपंचायतीची अनुमती आधी घ्यावी. सामायिक सोयीतून निमूटपणे जास्तीचे घेणे शिक्षकास शोभत नाही.

आता प्रवाहाच्या परतीचा प्रश्न. राउटरपासून सार्वजनिक यंत्रापर्यंतची हवा अजून सर्वांचीच आहे. बाहेरच्या वाय-फायला परवलीचा शब्दच नसेल, तर तेथील लहरी कोणीही ऐकू शकतो. तेथे आपले रक्षण बांध करीत नाही. संकेतस्थळाच्या पत्त्याआरंभी असणारे ‘एचटीटीपीएस’ करते, कारण त्यामुळे मजकूर कूटबद्ध होऊन जातो. ऐकणाऱ्यास आपण कोणत्या संकेतस्थळाकडे गेलो एवढे कळू शकते, मुलाचा आधार क्रमांक कळत नाही. मात्र ‘एचटीटीपीएस’ असणे म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक असणे नव्हे. शासकीय पत्त्याचा शेवट तपासावा, आणि ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ अशी सूचना आली तर घाईत ‘पुढे जा’ दाबू नये. तेच नाव धारण करणारे खोटे वाय-फाय उभारणे अवघड नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये अठरा वर्षांखालील मूल हे बालक आहे, आणि आपल्या शाळेतील एकूणएक विद्यार्थी त्यात येतो.

ज्यांना पेटी विकत घेणे शक्य नाही, त्यांच्याकडे विंडोज १० किंवा ११ असलेला लॅपटॉप असल्यास त्यातील ‘मोबाइल हॉटस्पॉट’ सुरू करावा. लॅपटॉप एका हाताने वाय-फाय घेतो, दुसऱ्या हाताने घराला देतो. काही अँड्रॉइड मोबाइलही हे करतात. वेग कमी होतो, पण जाळे वेगळे राहते.

पेटी ठेवावी सार्वजनिक यंत्राच्या दिशेच्या खिडकीत. मातीच्या जाड भिंती आणि पत्र्याचे छप्पर लहर अडवितात. पत्र्याजवळ तर ती ठेवूच नये. दोन पट्ट्यांची पेटी असल्यास बाहेरून २.४ गिगाहर्ट्झवर घ्यावे, कारण ती लहर भिंतीतून अधिक चांगली येते, आणि घरात ५ गिगाहर्ट्झवर द्यावे. वीज गेली की पेटी बंद पडते आणि पुष्कळदा ओटीपी पुन्हा मागितला जातो. अर्धवट भरलेली माहिती तेवढ्यात निसटते. बारा व्होल्टची लहान बॅटरी जवळ असली तर संध्याकाळच्या भारनियमनात हा त्रास वाचतो. मात्र घेण्यापूर्वी आपल्या पेटीच्या तळाशी लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्यावेत, कारण काही पेट्या पाच आणि काही नऊ व्होल्टवर चालतात.