वेफरच्या पाकिटाचा बाणा

फुटकी बादली भंगारवाल्याकडे नेली की चार पैसे हातावर पडतात. पाण्याच्या बाटल्यांना गिऱ्हाईक आहे, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्यांनाही आहे. वेफरच्या पाकिटाला मात्र तो हातही लावत नाही. फुकट दिलं तरी नको!

त्याचंही चुकत नाही. हे पाकीट दिसतं एक, पण असतं थरांचं. बाहेर छपाईचा थर, आत ॲल्युमिनियमचा चंदेरी मुलामा. हवा आणि ओल आत शिरू नये, वेफर कुरकुरीत राहावेत, यासाठी हे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की नंतर ते सुटे करणं महाकठीण. एकत्र वितळवले तर हलका माल निघतो, म्हणून भाव नाही. महाराष्ट्रात 23 जून 2018 पासून प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली. टपरीवर लटकणाऱ्या पाकिटांच्या माळा तरीही जागच्या जागी आहेत.

पुण्यातल्या दोन उद्योगांनी या नकोशा मालाला थेट मागावर चढवलं. एक अमिता देशपांडे यांचा ‘रीचरखा’ आणि दुसरा नंदन भट यांनी 2020 मध्ये सुरू केलेला ‘इकोकारी’. इथे प्लॅस्टिक वितळवत नाहीत, भट्टीही लागत नाही. लागतात त्या कात्री, चरखा आणि हातमाग.

आलेली पाकिटं आणि पिशव्या आधी धुवायच्या, वाळवायच्या, मग रंगाप्रमाणे ढीग लावायचे. इथे रंग द्यायची सोयच नाही. कंपनीने छापलेला लाल तोच पिशवीचा लाल. मग कात्री चालते. पाकिटाची शिवण उकलून त्याच्या लांब पट्ट्या काढायच्या, आणि त्या सगळ्या सारख्या रुंदीच्या हव्यात. एखादी पट्टी रुंद निघाली तर कापडात तिथेच गाठीसारखा फुगवटा येतो. हे सगळं काम हातानं चालतं, आणि खरा वेळ खातं ते हेच. पट्ट्या एकापुढे एक जोडून चरख्यावर गुंडाळतात. चरखा इथे सूत कातत नाही, नुसती कांडी भरतो.

मागावर ताणा नेहमीच्या धाग्याचा, बाणा प्लॅस्टिकचा. पट्टी सुतासारखी दबत नाही, त्यामुळे फणीचा ठोका जोरात मारावा लागतो. विणून निघालेलं कापड जाड, किंचित ताठ असतं. त्यात कुठे चंदेरी रेघ चमकते, कुठे कुठल्याशा अक्षराचा तुकडा डोकावतो. जुन्या कॅसेटींची टेपही अशीच विणली जाते. तिचा काळा-तपकिरी रंग भारी दिसतो. आत कुणाची गाणी अडकली आहेत कोण जाणे. पुढे शिलाई होऊन झोळ्या, पाकिटं, लॅपटॉपच्या पिशव्या तयार होतात.

मागापर्यंत माल पोचण्याआधीचं काम पुण्यात जुनं आहे. कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ 1993 मध्ये उभी राहिली. त्यातून आलेली ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. ओला-सुका वेगळा करणाऱ्या या बायकांच्या हाताला कुठलं प्लॅस्टिक विकलं जाईल आणि कुठलं नाही, हे चटकन कळतं.

आता हिशोबाची बाजू. अशी पिशवी स्वस्त नसते. इतके हात लागल्यावर ती स्वस्त असावी, अशी अपेक्षाही रास्त नाही. पण म्हणूनच ती भेटवस्तूंच्या दुकानात शोभते, भाजीमंडईत क्वचित दिसते. शिवाय धागा आणि प्लॅस्टिक एकत्र विणल्यावर, पिशवी फाटली की पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. कचरा संपला नाही, त्याचं आयुष्य वाढलं, इतकंच. काही मिनिटांत फेकल्या जाणाऱ्या वस्तूसाठी तेही थोडं नाही, पण शहरभरच्या पाकिटांना काही माग पुरे पडणार नाहीत.

पुण्यातच अनिश मलपाणी यांच्या ‘आशय’ या कंपनीने दुसरी वाट धरली. तिने या पाकिटांतलं प्लॅस्टिक प्रयोगशाळेत वेगळं काढून त्यापासून गॉगल बनवले आणि 2023 मध्ये ‘विदाउट’ या नावाने बाजारात आणले. माग पाकीट आहे तसं वापरतो, ही पद्धत ते मोडून पुन्हा घडवते. माणसांच्या हातांना काम जास्त मिळतं ते मागावर.

दोन्हींकडे अडतं ते एकाच ठिकाणी: माल स्वच्छ हवा. मसाल्याचं तेल लागलेलं पाकीट धुण्यात पाणी आणि मजुरी जाते. म्हणून हे विणणारे लोकांनाच सांगतात, पाकीट पुसून, कोरडं करून पाठवा. काही घरांतून तशी पार्सलं येतातही. दुधाच्या पिशवीचा कापून टाकलेला इवलासा कोपरा मात्र कुणाच्याच हाती लागत नाही. वेचकाला तो उचलून परवडत नाही, आणि त्याची पट्टीही निघत नाही.