शिक्षेनंतर अपिलाची वाट

सुरत शहराच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून गेलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमागांवर आणि कापडाच्या कारखान्यांवर त्यांचा चरितार्थ चालतो. समजा, अशा एखाद्या घरातील तरुण गांजाच्या पोत्यासह पकडला गेला आणि विशेष न्यायालयाने त्यास दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. खालच्या न्यायालयाचे कामकाज गुजरातीत. उच्च न्यायालय अहमदाबादेस आणि तेथील कामकाज इंग्रजीत. घरची माणसे गोंधळून जातात व सारे संपले असे समजून स्वस्थ बसतात. वास्तविक सारे संपलेले नसते. मात्र दिवस मोजके असतात.

अमली पदार्थांविषयीचा कायदा १९८५ सालचा आहे. इंग्लंडमध्ये विक्रीच्या हेतूने असे पदार्थ जवळ बाळगणे हा निराळा गुन्हा मानतात. भारतीय कायद्यात ते काम मुख्यतः तराजू करतो. गांजा एक किलोपर्यंत असल्यास शिक्षा एक वर्षापर्यंत. त्याहून अधिक, पण वीस किलोंच्या आत असल्यास दहा वर्षांपर्यंत. वीस किलोंच्या वर ते व्यापारी प्रमाण ठरते. मग किमान दहा व कमाल वीस वर्षे, शिवाय किमान एक लाख रुपये दंड. म्हणूनच वजन कोणी व कोणासमोर केले, याला अपिलात महत्त्व येते.

अपील म्हणजे खटल्याची पुनरावृत्ती नव्हे. साक्षीदार सहसा पुन्हा बोलावले जात नाहीत. झालेल्या पुराव्याची छाननी होते. पंचनामा, मोहोरबंद नमुने, मुद्देमालाची नोंद यांचा मेळ बसतो काय, हे पाहिले जाते. माल आरोपीच्याच ताब्यात होता, हे प्रथम सरकार पक्षाने सिद्ध करावयाचे असते. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर अंगझडती मागण्याचा हक्क आरोपीस सांगणे बंधनकारक आहे, असा निर्णय गुजरातमधील एका प्रकरणात घटनापीठाने २९ ऑक्टोबर २०१० रोजी दिला. परंतु हा हक्क अंगझडतीपुरताच आहे. पोत्याच्या वा पिशवीच्या झडतीस तो लागू नाही. त्यावर भलती आशा ठेवू नये.

उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साठ दिवसांची आहे. निकालाची नक्कल मिळविण्यास लागलेला काळ त्यातून वगळतात. विलंबाचे सबळ कारण दाखविल्यास न्यायालय तो माफ करू शकते. केवळ अपील दाखल केल्याने शिक्षा थांबत नाही. तिच्या स्थगितीसाठी व जामिनासाठी स्वतंत्र अर्ज लागतो, आणि व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्या अटी कडक आहेत.

वकिलास देण्यास पैसे नसले, तरी वाट बंद होत नाही. कैद्यास निकालाची नक्कल विनामूल्य व वेळेवर मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकिलाची मदत मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये महाराष्ट्रातील एका कैद्याच्या प्रकरणात सांगितले. १९८७ च्या कायद्याने कोठडीतील प्रत्येकास मोफत विधी साहाय्याचा हक्क दिला. लाजपोरच्या कारागृहातील कैदी आपले अपील तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती देऊ शकतो. ते न्यायालयाकडे पाठविणे हे त्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. घरच्यांनी निकालाच्या दुसऱ्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय गाठावे व साठ दिवसांचा हिशेब मांडावा.