पाच मिनिटांचा महिना

फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं की त्याचे पैसे कापणंही थांबतं, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. गूगल प्लेवर घेतलेली वर्गणी अ‍ॅप पुसल्यावरही चालूच राहते. ती वेगळी जाऊन रद्द करावी लागते. आमच्या सोसायटीतल्या एका आजींचे कित्येक महिने असेच पैसे जात होते, आणि ते अ‍ॅप त्यांच्या फोनवर नव्हतंच. त्यांची वर्गणी बंद करून देताना मनात आलं, की पैसे कधी घ्यायचे, थांबवायचं बटण कुठे ठेवायचं, हे सगळं कोणीतरी बसून ठरवत असणार. ते ठरवताना बघावं म्हणून मी कोथरूडमधल्या एका लहानशा ऑफिसात जाऊन बसले.

ऑफिस म्हणजे भाड्याचा वन बीएचके आणि दोघी मैत्रिणी. एक गोष्टी वाचते, आतल्या खोलीत खिडकीला गाद्या लावून रेकॉर्डिंग करते. दुसरी कोड लिहिते. लहान मुलांना मराठी गोष्टी ऐकवणारं त्यांचं अ‍ॅप आजवर फुकट होतं. आता महिन्याला 99 आणि वर्षाला 799 रुपये घ्यायचं ठरलं होतं. बँक खातं, पत्ता, करासंबंधीची माहिती हे सोपस्कार आधीच उरकले होते.

मी पोचले तेव्हा कोड लिहिणारी कागदावर काहीतरी लिहून खोडत होती. विकायच्या प्रत्येक वस्तूला प्ले कन्सोलमध्ये एक ओळखनाव द्यावं लागतं. ते एकदा दिलं की बदलता येत नाही, आणि पुढे पुन्हा वापरताही येत नाही. "टायपिंगची चूक झाली तर ती जन्मभर सोबत राहते, ताई," ती म्हणाली. नावात किंमत घालायची नाही, कारण किंमत पुढे बदलेल. वर्षाचा आकडाही घालायचा नाही. शेवटी कागदावरचं सगळ्यात साधं नाव तिने एकेक अक्षर बघत टाइप केलं.

त्या ओळखनावाखाली बेस प्लॅन येतात: एक मासिक, एक वार्षिक. मग देशागणिक किमती. परदेशातल्या मराठी घरांतूनही गोष्टी ऐकल्या जातात, म्हणून डॉलरचा आकडा तिने आपोआप आलेला न ठेवता स्वतः ठरवला. हे काम अर्ध्या तासात झालं. खरा वेळ गेला तो चाचणीत.

वर्गणी महिन्याने नवी होते की नाही हे बघायला महिनाभर थांबणं परवडत नाही. म्हणून गूगलने चाचणीसाठी नोंदवलेल्या खात्यांपुरता काळच आखडून ठेवलाय. "आमचा महिना पाच मिनिटांचा," ती म्हणाली. वर्ष अर्ध्या तासाचं. सहा वेळा नवी झाली की चाचणीची वर्गणी आपोआप संपते. अ‍ॅपलच्या चाचणीतही महिना मुळात पाच मिनिटांचाच असतो. टेबलावर दोन फोन, शेजारी लॅपटॉपवर सर्व्हरच्या नोंदी सरकत होत्या. पाच मिनिटं झाली की एक ओळ उमटायची: वर्गणी नवी झाली. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा ओळ. एका कप चहात दोन महिने उलटले.

पैसे देण्यासाठीही खोटी कार्डं असतात. एक कार्ड कायम मंजूर होतं, एक कायम नाकारलं जातं. मंजूर होणाऱ्या कार्डाने तिने दोन-चार वेळा खरेदी केली आणि ते बाजूला ठेवलं. त्यानंतर सगळा वेळ ती नाकारलं जाणारं कार्डच लावत राहिली. वर्गणी चालू करायची, मधेच कार्ड बदलायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि पैसे न मिळाल्यावर अ‍ॅप माणसाशी कसं वागतं ते बघायचं. मी तिला कारण विचारलं.

"पैसे आले की कोणतंही अ‍ॅप गोडच बोलतं," ती म्हणाली. "खात्यात शिल्लक नसेल त्या महिन्यात ते कसं बोलतं ते मला बघायचंय."

पहिल्यांदा कार्ड नाकारलं गेलं तेव्हा पडद्यावर आलं: 'पेमेंट अयशस्वी. सेवा बंद.' हे वाक्य तिनेच कधीतरी घाईत लिहून ठेवलं होतं. तिने ते खोडलं आणि मैत्रिणीला बाहेर बोलावलं. दोघींनी मोठ्याने वाचून बघत नवं वाक्य घडवलं: 'या महिन्याचे पैसे जमा झाले नाहीत. गोष्टी अजून सात दिवस चालू राहतील.' ही सात दिवसांची मुदत कन्सोलमध्ये देता येते. त्या काळात गूगल पैसे घ्यायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. चाचणीत हे सात दिवससुद्धा पाच मिनिटांत सरतात.

ते सरताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. फोनवर गोष्ट चालू होती, मुदत संपली, आणि आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. अ‍ॅप दर थोड्या वेळाने वर्गणी तपासत होतं आणि ती संपल्याचं कळताच त्याने गोष्ट थांबवली होती. तांत्रिकदृष्ट्या यात चूक काही नव्हती. पण गोष्ट वाचणारी आतून धावत आली. "अगं, पोर झोपेला आलेलं असेल आणि कोल्हा विहिरीतच राहिला!" कोड लिहिणारीने तपासणी तिथून उचलून गोष्ट सुरू होण्याच्या क्षणावर नेली. सुरू झालेली गोष्ट आता शेवटपर्यंत ऐकू येते, मग पैसे आलेले असोत वा नसोत. बदल चार ओळींचा होता. त्या चार ओळींसाठी तिने पुन्हा पाच-पाच मिनिटांचे किती महिने मोजले, मी लक्ष ठेवलं नाही.

पैसे घेण्याच्या बाजूलाही जबाबदारी आहे. खरेदी झाली की फोन एक टोकन देतो. ते सर्व्हरकडे जातं, सर्व्हर गूगलला विचारून खात्री करतो, गोष्टी खुल्या करतो आणि 'मिळालं' अशी पोच देतो. तीन दिवसांत पोच गेली नाही तर गूगल पैसे परत करतं आणि खरेदी रद्द होते. माल पोचल्याचं दुकानदाराने सांगितलं नाही तर गिऱ्हाइकाचे पैसे अडकून राहू नयेत, हा नियम मला फार न्याय्य वाटला.

मग गूगलचा वाटा. 2022 च्या जानेवारीपासून वर्गणीवरचा हा वाटा 15 टक्क्यांवर आला. त्याआधी पहिल्या वर्षी तो 30 टक्के असायचा. करांचा हिशेब बाजूला ठेवला तरी 99 रुपयांतले 14 रुपये 85 पैसे तिथेच जातात. उरलेल्यात सर्व्हर, भाडं आणि दोघींची मेहनत. म्हणूनच एका ओळखीच्या सल्लागाराने सुचवलं होतं, की सात दिवस फुकट द्या आणि आठव्या दिवशी आपोआप पैसे घ्या. निम्मे लोक रद्द करायला विसरतात. गोष्ट वाचणारीला हे पटू लागलं होतं. "भाडं आपल्यालाही भरायचंय ना," ती म्हणाली. दुसरी तयार झाली नाही. विसरण्यावर कमावलेला पैसा तिला नको होता. त्याऐवजी पाच गोष्टी कायमच्या फुकट ठेवायच्या आणि त्यासाठी कार्ड किंवा यूपीआय मागायचंच नाही, असं ठरलं.

कायदाही तिच्याच बाजूने बोलतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत 13 प्रकार सांगितले आहेत, आणि वर्गणीचा सापळा हा त्यांतला एक: रद्द करणं अवघड करून ठेवणं, तो पर्याय लपवणं, फुकट वर्गणीसाठीही पैसे कापायची परवानगी सक्तीने घेणं. त्याआधी, 2021 च्या ऑक्टोबरपासून, रिझर्व्ह बँकेने दरमहा आपोआप पैसे कापण्याआधी किमान 24 तास ग्राहकाला कळवणं बंधनकारक केलं. 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा रकमांना मात्र दर वेळी ओटीपी लागत नाही.

हे नियम का लागले, ते आपल्या मासिकांच्या वर्गणीशी ताडून पाहिलं की कळतं. अंकासोबत 'आपली वर्गणी संपली' अशी चिठ्ठी यायची. गप्प बसलं की अंक बंद. हवा असेल तर मनीऑर्डर करायची. आता गप्प बसलं की वर्गणी चालू. ग्राहकाच्या मौनाचा अर्थ पार उलटला आहे. म्हणून जो पैसे घेतो त्याने ग्राहकाला आठवण द्यायला हवी आणि बाहेरचा रस्ता दाखवायला हवा. हे सौजन्य म्हणून करायचं काम नाही, तो व्यवहाराचाच भाग आहे.

तिने 'वर्गणी थांबवा' हे बटण सेटिंग्जच्या पहिल्याच पानावर ठेवलं. ते दाबलं की थेट प्ले स्टोअरमधलं रद्द करायचं पान उघडतं. भरलेल्या मुदतीपर्यंत गोष्टी ऐकता येतात, हेही तिथेच लिहिलंय. अ‍ॅप नुसतं काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही, ही ओळ तिने माझ्या सांगण्यावरून घातली, त्याच आकाराच्या अक्षरांत.

अशा अ‍ॅपवाल्यांना आनंदाने पैसे द्यावेत, असं माझं स्वच्छ मत झालं आहे. मराठीत मुलांसाठी चांगलं काही हवं असेल तर करणाऱ्यांचं भाडं निघालं पाहिजे. पण देण्याआधी आत जायचा रस्ता जितका नीट बघतो, तितकाच बाहेर पडायचा बघावा. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवा, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जा. चालू असलेली प्रत्येक वर्गणी तिथे दिसते, पुढच्या तारखेसह. ज्या अ‍ॅपने ही वाट स्वतःहून दाखवली नसेल, त्याची वर्गणी पहिल्यांदा तपासा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन घेऊन हेच एकदा त्यांच्याशेजारी बसून करा.