खापरीवरचे नाव

माठ फुटला की त्याच्या खापऱ्या आपण उकिरड्यावर टाकतो. फार तर पोरे त्यातल्या चार लगोरी खेळायला नेतात. पण एके काळी एका शहरात अशाच खापरीवर मोठमोठ्या माणसांचे नशीब ठरत असे. त्या शहराचे नाव अथेन्स. ते ग्रीस देशात आहे. ग्रीस हा युरोपातला डोंगराळ देश, तीन बाजूंनी समुद्र. आपल्या जुन्या पोथ्यांत ‘यवन’ हा शब्द येतो ना, तो मुळात या ग्रीक लोकांसाठीच होता.

ही गोष्ट सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. त्या वेळी अथेन्सला राजा नव्हता. नागरिकांची सभा भरे आणि तिथे हात वर करून निर्णय होत. नागरिक म्हणजे मात्र फक्त मोठे पुरुष. बायकांना मत नव्हते, गुलामांना नव्हते, बाहेरून येऊन राहिलेल्यांनाही नव्हते. ही उणीव लहान नव्हे.

या लोकांना एक भीती होती. पूर्वी एका घराण्याने सारी सत्ता बळकावली होती. पुन्हा कोणी तसा शिरजोर झाला तर? म्हणून त्यांनी एक रीत काढली. वर्षातून एकदा सभेत विचारायचे, ‘यंदा कोणाला गावाबाहेर पाठवायचे आहे का?’ बहुतेकांनी होय म्हटले, तर पुढे दोनेक महिन्यांनी बाजारच्या चौकात मतदान होई. प्रत्येकाने एक खापरी आणायची, जो माणूस जड झाला असे वाटेल त्याचे नाव तिच्यावर कोरायचे आणि आत जाऊन ती टाकायची. सहा हजार खापऱ्या जमल्या नाहीत तर मतदान रद्द. जमल्या, तर ज्याचे नाव सर्वांत जास्त, त्याने दहा दिवसांत शहर सोडायचे आणि दहा वर्षे परत यायचे नाही. त्याचे घर, जमीन, उत्पन्न मात्र त्याचेच राहत असे. ही शिक्षा नव्हती, त्याला नुसते दूर ठेवणे होते. पहिला माणूस असा गेला तो इसवी सनापूर्वी ४८७ साली.

खापरीच का? कागद तेव्हा नव्हता. मिसर देशातून लव्हाळ्याचे ताव येत, पण ते महाग. खापरी फुकट. अथेन्सची मडकी तांबड्या मातीची, वरून काळी चकचकीत. टोकदार खिळ्याने ओरखडले की खालचे तांबडे अक्षर उठून दिसे. आपण दुसऱ्याच्या माथी खापर फोडतो; ते लोक त्याच्या नावाने खापरी टाकत, एवढाच फरक!

आता ॲरिस्टायडीसची गोष्ट ऐका. हा मोठा सचोटीचा माणूस. लोक त्याला ‘न्यायी’ म्हणत. इसवी सनापूर्वी ४८२ साली मतदान होते. चौकात एक खेडूत आला. त्याला लिहिता येत नव्हते. समोर ॲरिस्टायडीसच उभा होता, पण खेडुताने त्याला ओळखले नाही. खापरी पुढे करून तो म्हणाला, “दादा, हिच्यावर ॲरिस्टायडीसचं नाव तेवढं लिहून द्या.”

ॲरिस्टायडीसने विचारले, “का हो, त्यानं तुमचं काय बिघडवलं?”

“काही नाही. मी तर त्याला ओळखतही नाही. पण जिथं जावं तिथं ‘न्यायी, न्यायी’ ऐकून कान किटले.”

ॲरिस्टायडीस काही बोलला नाही. त्याने आपलेच नाव लिहिले आणि खापरी परत दिली. त्या वर्षी त्यालाच शहर सोडावे लागले. दोनच वर्षांनी इराणचा बादशहा मोठी फौज घेऊन चालून आला, तेव्हा अथेन्सने बाहेर घालवलेल्यांना परत बोलावले. ॲरिस्टायडीस आला आणि लढला.

ही गोष्ट प्लूटार्क नावाच्या लेखकाने लिहून ठेवली आहे. पण तो ॲरिस्टायडीसनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी झाला. तो काही चौकात उभा नव्हता. मग गोष्ट खरी कशी मानायची? इतिहास शिकणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडलाच पाहिजे. अशा वेळी तो पोथी बाजूला ठेवतो आणि कुदळ हाती घेतो.

अथेन्सच्या जुन्या बाजारचौकात १९३१ सालापासून खोदकाम सुरू झाले. शहराच्या जुन्या कुंभारवाड्यातही जर्मन विद्वानांनी खोदले. तिथे एकाच ठिकाणी सुमारे साडेआठ हजार नावे कोरलेल्या खापऱ्या मिळाल्या. आजवर सापडलेल्या अशा खापऱ्या दहा हजारांच्या वर आहेत. त्यांत ॲरिस्टायडीसच्या नावाच्याही आहेत, बापाच्या नावासकट. खेडुताची गोष्ट त्याने सिद्ध होत नाही. पण मतदान झाले आणि त्याचे नाव पडले, हे मात्र पक्के ठरते.

याहून मोठी गंमत १९३७ साली झाली. अथेन्सच्या मधोमध देवळांची टेकडी आहे. तिच्या उतारावर ऑस्कर ब्रोनिअर नावाच्या संशोधकाला एक जुनी विहीर लागली. तिच्यात १९० खापऱ्या निघाल्या. सगळ्यांवर एकच नाव, थेमिस्टोक्लीस. हा अथेन्सचा मोठा सेनानी, इराणच्या आरमाराला हरवणारा. आता अक्षर बघा. मी इतकी वर्षे शाळेत वह्या तपासल्या. वहीवर नाव नसले तरी कोणत्या पोराचे अक्षर ते मला कळे. तसेच विद्वानांनी त्या १९० खापऱ्यांचे अक्षर ताडून पाहिले. लिहिणारे हात फक्त चौदा निघाले!

म्हणजे काय झाले असेल? चौदा जण बसले आणि त्यांनी खापऱ्या आधीच लिहून तयार ठेवल्या. कोणी म्हणतात, हे थेमिस्टोक्लीसच्या वैऱ्यांचे काम. चौकात येणाऱ्यांच्या हातात द्यायला. कोणी म्हणतात, लिहिता न येणाऱ्यांच्या सोयीसाठी लिहिल्या असतील. ते काही असो. ज्याला वाचता येत नव्हते, त्याच्या हाती अशी खापरी आली तर तिच्यावर कोणाचे नाव आहे हे त्याला कसे कळणार? देणारा सांगेल ते खरे. गोष्टीतल्या खेडुताला ॲरिस्टायडीस भेटला, त्याने स्वतःचे नुकसान करून सांगितले तेच लिहिले. प्रत्येकाला असा लेखनिक थोडाच भेटतो! पुढे इसवी सनापूर्वी ४७१ च्या सुमारास थेमिस्टोक्लीसलाही शहर सोडावे लागले. अखेरीस तो इराणच्याच बादशहाच्या आश्रयाला गेला आणि तिकडेच वारला.

अथेन्सच्या जुन्या बाजारचौकाजवळच्या संग्रहालयात अशा खापऱ्या काचेच्या कपाटात मांडून ठेवल्या आहेत. सापडलेल्या खापऱ्यांत काहींवर अक्षर सुबक आहे. काहींवर वेडेवाकडे आहे. एकच नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले दिसते, मधले अक्षर राहून गेलेले दिसते. कोणी तर उजवीकडून डावीकडे लिहीत गेला आहे. या चुकांच्या खापऱ्या विद्वान फार जपून अभ्यासतात. ज्याने त्या लिहिल्या, त्याने त्या आपल्या हाताने लिहिल्या, हे त्या चुकांवरूनच कळते.